मोत्याचं सुतक

"सांगितलं तर कोनाले पटनार नाई, भाऊ," ललित म्हणाला, "पन काकाच्या मांगं त्याच्या मोत्या कुत्र्यानंबी जीव सोडला."

मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातलं अंगण. निंबाखाली खाटेवर अकोल्याचे खाजगी गुप्तहेर देवराव बसले होते आणि शेजारी त्यांचा सोबती भगवंत. भगवंताचं मन असं, की शेजाऱ्याच्या बैलाला सर्दी झाली तरी याचं नाक वाहू लागायचं. त्यानं रुमाल काढलाच.

"भाकरीले तोंड लावे ना," ललित पुढं सांगू लागला. "जिथं गाडी उभी राहे, तिथलीच माती चाटे. काकाचा वास शोधे. मंग दारू पेल्यावानी डुलाले लागला, अन् गेला."

"अरे रे," भगवंत म्हणाला. "माणसाला नाही एवढी माया."

देवरावांनी मातीकडे पाहिलं.

त्यांना बोलावलं होतं ते केशरबाईंनी. त्यांचे यजमान पंजाबराव यांच्या छातीत कळ आली, तेव्हा हा पुतण्या ललित त्यांना जुन्या मोटारीत घालून अकोल्याला निघाला. वाटेत इंजिन तापलं, गाडी बंद पडली आणि पंजाबराव मागच्या सीटवर संपले. रेडिएटर कोरडा ठणठणीत निघाला.

"आमाले लेकरू नाई," केशरबाई म्हणाल्या. "उद्या तेरवी. ललितच्या डोक्याले पागोटं बांधलं की वावर त्याचं. बांधू का नको, तेवढं सांगा."

"तुम्ही सोबत नाही गेलात?"

"हा म्हने, काकाले आडवं होऊ दे, तू मांगून ये. निघतानीबी लय वेळ लावला यानं. हे घरात तळमळून राह्यले, अन् हा गाडीखाली आडवा. म्हने, चाकात काही अडकलं."

देवराव मेकॅनिककडे वळले. परतवाड्याचा श्याम; पंजाबराव दुसऱ्या कोणाला गाडीला हात लावू देत नसत.

"पाइप म्या बदलला, रेडिएटरात इंजिन थंड ठेवाचं हिरवं कूलंट काठोकाठ भरलं," श्याम म्हणाला. "मालकाले कळ आली, त्याच सकाळी परतवाड्याहून गाडी म्याच चालवत आणली अन् इथं लावली. गरमीचा काटा जागचा हालला नाई."

"पाइप ढिला ठेवला असन यानं," ललित म्हणाला. "रस्त्यानं गळत गेलं."

अंगणात ओढून आणलेल्या गाडीचा रेडिएटर देवरावांनी पाण्यानं भरला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि श्यामला गाडी सुरू करायला सांगितलं. इंजिन कण्हत कण्हत चालू झालं. सगळ्यांचा चहा झाला, बोनेट हात लावू देईना इतकं तापलं. कागद कोरडाच.

"गळका रेडिएटर आपोआप बरा होत नाही," देवराव म्हणाले. "त्याच्या बुडाशी पाणी सोडायची चावी असते. ती कोणीतरी उघडली आणि परत बंद केली. परतवाड्याहून येताना तो भरलेला होता. अकोल्याच्या वाटेवर तो रिकामा निघाला. मधल्या वेळात गाडी याच अंगणात होती, आणि तिच्याखाली एकच माणूस गेला."

"कशावरून?" ललित म्हणाला. "अंगनात सांडलेलं कोनं पाह्यलं?"

"मोत्यानं. कूलंट चवीला गोड असतं आणि जहाल विष. कुत्र्यानं चाटलं की आधी ते झिंगतं, मग मूत्रपिंडं जातात. हे तूच आम्हाला सांगितलंस. भगवंतानं रुमाल भिजवला."

भगवंतानं रुमाल हळूच खिशात घातला.

"काकू, तू तरी आईक," ललित म्हणाला. "मुकं जनावर होतं. काकाले शोधून राह्यलं होतं."

केशरबाईंनी खुंटीवरचं पागोट्याचं नवं कापड काढलं, घडी घालून काखेत धरलं.

"तो काकाले नाई शोधत होता, ललित," त्या म्हणाल्या. "तू सांडलं, ते चाटत होता."