रिकाम्या स्टुलावरचा डफ

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे घडलंय. रात्रीबेरात्री नाही, भर उजेडात घडलंय, आणि पाहणारी निम्मी माणसं अजून जिवंत आहेत.

साल अठ्ठ्याऐंशी. गुरुवार. दुपार कलताना होणारी अस्रची नमाज नुकतीच संपली होती. दमनहूर शहराच्या पुढे, कालव्याकाठी, सिदी गुनेम या पीराचा उरूस भरतो ते मैदान.

शहाता तिथे चौतीस वर्षं बाहुल्याचा खेळ करत होता. चारी बाजूंनी कनात, आत तो उभा. वर काढलेल्या हातात लाल टोपीचा बाहुला, अरागोझ. तोंडात, टाळ्याला चिकटवलेली पत्र्याची पिपाणी. बाहुला त्या पिपाणीतून बोलतो, अगदी चिरका. लोकांना शब्द कळत नाहीत.

म्हणून बाहेर एक माणूस लागतो. तो स्टुलावर बसून डफ वाजवतो आणि बाहुला जे बोलला ते मोठ्याने परत विचारतो. "काय म्हणतोस? बायकोनं झोडपलं?"

मग लोक हसतात.

तो माणूस म्हणजे दर्दीरी. उरुसातल्या सगळ्या मंडळींचा जीव. जादूगारांचं भांडण असो की गाणाऱ्या बायांच्या घरचं लग्न, पहिलं बोलावणं दर्दीरीला. खेळ चालू असताना शहाताने त्याला कधी पाहिलं नाही. कनातीतून दिसतच नाही. फक्त ऐकलं.

चौतीस वर्षं.

आणि चाळीस दिवसांपूर्वी दर्दीरी गेला.

खेळ चालू असताना.

त्यांच्या खेळात एक रुसवा असायचा. दर्दीरी चिडून गप्प बसायचा. बाहुला काठी आपटून ओरडायचा, "मेलास की काय रे?" एवढं वाक्य मात्र लहानथोरांना पाठ होतं. मग डफावर एक थाप पडायची आणि रुसवा मिटायचा.

त्या दिवशी थाप पडली नाही.

शहाताला वाटलं, गडी रंगात आलाय, लांबवतोय. तो पुन्हा ओरडला. पुन्हा. पाच वेळा.

लोक पोट धरून हसत होते.

मग ते हसू एकदम तुटलं... आणि दर्दीरीची बायको नईमा किंचाळली.

शहाता तेव्हा रडला नाही. माती देतानाही नाही. नंतरही नाही. भाकरी खायचा, चव लागत नव्हती. दात उपटायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तसा तो सगळाच झाला होता. डोक्यात एकच गोष्ट फिरायची.

जाताना त्याने ते ऐकलं का?

चाळिसाव्याला मंडळींनी ठरवलं, दर्दीरीच्या नावाने खेळ व्हायलाच हवा. झोपाळेवाला बस्यूनी विचारायला आला.

"उस्ताद, डफावर मी बसू?"

"तुझा आवाज म्हणजे गाढवाला खोकला झाल्यागत."

"मग कोण बसणार?"

"कोणी नाही. स्टूल ठेव, त्यावर डफ ठेव. बाहुला एकटाच बोलेल."

"आणि कळणार कुणाला? माझ्या सासूला?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

नईमा कबरीवरून गोड पावांची टोपली घेऊन आली. मृताच्या नावाने सगळ्यांना एकेक पाव देत गेली. शहाताने हात पुढे केला.

तिने त्याच्या शेजारच्याला दिला.

तो कनातीत शिरला, पिपाणी टाळ्याला लावली, हात वर केला.

बाहुल्याने सलाम केला. सवयीने शहाता थांबला, दर्दीरीच्या बोलण्याएवढी जागा सोडून.

काहीच ऐकू आलं नाही. वाऱ्याने कापड फडफडलं, एवढंच.

त्याने पुढचं वाक्य म्हटलं. पुन्हा जागा सोडली.

आणि... लोक हसले.

बरोबर जागेवर. दर्दीरी बोलून झाल्यावर हसायचे, तिथेच.

योगायोग असेल. त्याने बायकोचं गाऱ्हाणं सुरू केलं. थांबला. शांतता...

पुन्हा हसू. बायका हसल्या आधी, मग पुरुष. नेहमीसारखं.

मग लोक टाळ्या वाजवू लागले. एका ठेक्यात. डफाच्या साथीवर वाजवाव्यात तशा.

डफ काही ऐकू येत नव्हता.

कनातीची शिवण एका ठिकाणी उसवली होती. शहाताने तिथे डोळा लावला. स्टूल रिकामं. डफ त्यावर आडवा, ठेवला तसाच. लोक मात्र बाहुल्याकडे बघत होते, मधेच कान देऊन ऐकत होते.

घाबरायला हवं होतं. त्याला तेही जमलं नाही.

रुसव्याची जागा आली. बाहुल्याने काठी उचलली. पण ते वाक्य शहाताच्या तोंडून निघेना. त्याऐवजी त्याने विचारलं, खेळात कधीच नसलेलं...

"दर्दीरी, त्या दिवशी तू ऐकलंस का रे? मला माफ करशील?"

पिपाणीतून नुसतं चीं चीं झालं. ते कुणाला कळणं शक्यच नव्हतं.

मैदान गप्प झालं.

एक बाई हुंदका देऊन रडली. कुणीतरी "अल्लाह" म्हणालं. मग पुन्हा शांतता... बरीच लांब.

आणि सगळे हसले. डोळे पुसत हसावं, तसे.

उत्तर मिळालं होतं. सगळ्यांना.

शहाता बाहेर आला तर बस्यूनी गळ्यातच पडला. "काय नक्कल केलीत उस्ताद! आतून दोन्ही आवाज? हुबेहूब दर्दीरी!"

शहाताने तोंडातली पिपाणी तळहातावर काढली. ती तोंडात असताना माणसाला साधा आवाज काढता येत नाही. बस्यूनीला हे माहीत होतं. आनंदात त्याच्या ध्यानात आलं नाही.

"काय म्हणाला तो? शेवटी?"

"घ्या! आता आम्हालाच विचारा!"

नईमा समोर येऊन उभी राहिली. टोपली रिकामी होती.

"भावजी, तुम्ही हसवलंत, मी हसले. त्यांचा आवाज काढलात, तोही सोसला," ती म्हणाली. "पण स्वतःच माफी मागायची, आणि त्यांच्या तोंडून स्वतःच स्वतःला माफ करून घ्यायचं? मेलेल्या माणसाकडून?"

"वहिनी, तो मी नव्हतो."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मग कोण होतं?"

तो स्टुलाकडे बोट दाखवू शकला असता. त्याने दाखवलं नाही.

ती निघून गेली. नंतर त्याच्याशी कधी बोलली नाही.

शहाता पुढे बारा वर्षं खेळ करत राहिला. डफावर कुणाला बसवलं नाही. जागा सोडायचा, लोक हसायचे. खेळ संपला की एखाद्याला बाजूला घेऊन हळूच विचारायचा, त्या गुरुवारी दर्दीरी नेमकं काय म्हणाला होता. नेमके शब्द.

लोक त्याचा खांदा थोपटायचे. म्हणायचे, "उस्ताद, तुम्हीच तर म्हणालात."

त्याला ते कधीच ऐकू आलं नाही.