तीन केसांएवढी फट

नवी कोरी रिंग, आणि तीही तुटकी?

शाल्मलीनं ती तळहातावर फिरवून पाहिली. बांगडीसारखी गोल, पण एका जागी कापलेली. पाकिटातल्या सगळ्याच तशा.

"दुकानदारानं फसवलं आजोबांना," ती म्हणाली.

"मुद्दामच कापतात," सांडशी म्हणाली. ही आजोबांची यंत्रमानव मदतनीस. तिच्या चिमट्यासारख्या हातांमुळे शाल्मलीनंच ते नाव ठेवलं होतं. "का कापतात, ते तू विचारलं नाहीस."

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या रस्त्यावरून विजेच्या गाड्या ढगांच्या सावल्यांसारख्या सरकत होत्या. पेट्रोलच्या गाडीचा आवाज शाल्मलीनं कधी ऐकलाच नव्हता. आजोबा धातूंचे शास्त्रज्ञ. त्यांचे कान आता मंद होत चालले होते, आणि ते पुरते बंद व्हायच्या आत या जुन्या निळ्या पेट्रोलच्या गाडीचा आवाज त्यांना एकदा ऐकायचा होता. तिच्या इंजिनातल्या रिंगांचा हा शेवटचा संच. दुसरा कुठेच मिळणार नव्हता.

पिस्टन (इंजिनात वर-खाली धावणारा दट्ट्या) सकाळीच निवडून झाला होता. सिलिंडर (तो दट्ट्या ज्यात धावतो ते नळकांडं) झिजून लंबगोल झाला होता. तो कोरून पुन्हा गोल केला, तसा थोडा मोठा झाला. म्हणून पिस्टनही मोठ्या मापाचा हवा होता.

"ठोकून घडवलेला घेऊ या, मजबूत असतो," शाल्मली म्हणाली होती.

"शर्यतीला जायचंय का, बाई?" आजोबा म्हणाले होते. "घडवलेला तापला की जास्त फुगतो, म्हणून मुळातच सैल ठेवावा लागतो. गार असताना खडखडतो. आपल्याला रंकाळ्यापर्यंत जायचंय, ओतीव बरा."

राहिल्या रिंगा. त्या पिस्टनच्या खाचांत बसतात आणि पेटलेला वायू खाली निसटू देत नाहीत. मग फट कशाला? आजोबा चहाला आत गेले, तेव्हा शाल्मलीनं हुकूम सोडला, "सांडशी, टोकं एकमेकांना टेकतील एवढीच घास."

रिंगा मुळात जरा लांब असतात. टोकं घासून माप जुळवायचं असतं. सांडशीनं एक घासून सिलिंडरमध्ये बसवली. फट दिसेना.

आजोबांनी वाकून पाहिलं. ते रागावले नाहीत. "सुरेख. आता हिला उकळत्या पाण्यात टाक."

सांडशीनं गरम रिंग उचलून गार सिलिंडरच्या तोंडाशी धरली. ती आत जाईना. टोकं एकमेकांना रेटत होती. थोड्या वेळानं गार झाली, तशी अलगद आत सरकली.

शाल्मलीनं डोळे मिटले. लोखंडाचे इवले कण तिला हात धरून रिंगण केलेल्या मुलींसारखे दिसले. ऊब लागली की त्या डोलायला लागतात, हात लांबतात, रिंगण पसरतं.

"पण सिलिंडरही तापेल की. मग तोही पसरेल," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

तिनं मोठ्यानं सांगितलं.

"शाबास. पण त्याच्याभोवती पाणी खेळतं. तो रिंगेइतका तापत नाही. जागा नसली की रिंग भिंतीवर रुतते, भिंत ओरबाडते, नाहीतर मोडते. मग ही गाडी कायमची मुकी."

शाल्मली हळूच म्हणाली, "सांडशी, किती फट हवी?"

"आता विचारलंस. या मापाला तीन केसांएवढी."

पुन्हा घासाघास झाली. पालथ्या पिस्टननं रिंग आत ढकलून सरळ बसवायची आणि फटीत पातळ पट्टी घालून माप घ्यायचं. प्रत्येक रिंगेला हेच. दर वेळी पट्टी शाल्मलीनंच सरकवली.

इंजिन जुळायला आठवडा गेला. रविवारी आजोबांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि घुमू लागली.

शाल्मली त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तो बराच वेळ हलला नाही.

"बारीक आवाज गेलेत माझे," ते म्हणाले. "पण हा खालचा सूर येतोय. छान येतोय."

रंकाळ्याच्या काठी गाडी थांबली, तेव्हा दिवसाच उगवलेला फिकट चंद्र पाण्यावर होता. तिथे चंद्रावर आगगाडीचे रूळ टाकायचं काम सुरू होतं, हे शाल्मलीला ठाऊक होतं. तिथला दिवस उकळत्या पाण्याहून तापतो, आणि रात्र तर बर्फाहून कितीतरी गार.

"आजोबा, तिथल्या दोन रुळांत केवढी फट लागेल?"

"तू जा आणि मोज," आजोबा म्हणाले. "आणि मला सांगताना मोठ्यानं सांग."