वाघरीच्या तोंडाशी

“आत्या, तुमी मला वळखत न्हाई. पर मामंजी लय आजारी हायत, आन त्यांच्याजवळ कुणी जाईना.”

फोनवरचा तो रडवेला आवाज ऐकला आणि रंगुबाईची भाकरी तव्यावर तशीच करपत राहिली. बोलत होती ती पूजा, आकारामची सून. आणि आकाराम म्हणजे रंगुबाईच्या पाठचा भाऊ… ज्यानं वीसेक वर्षांपूर्वी तिला दार बंद केलं होतं, स्वतःची बायको वारली तेव्हासुद्धा निरोप धाडला नव्हता, तो तिचा एकुलता एक भाऊ!

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा. गावात रोगापेक्षा रोगाचं भयच जास्त फिरत होतं. पूजाचा नवरा तानाजी दूर उत्तरेत गलाईच्या दुकानात सोनं गाळायला गेलेला, तो तिकडेच अडकला होता. तिच्या पदराखाली अंगावर पिणारं बाळ, आणि विट्यात कुठल्याच दवाखान्यात खाट रिकामी नाही. आकाराम आपणहून घर सोडून माळावरच्या शेडात, मेंढरांशेजारी जाऊन पडला होता. शेजारी भाकरी बांधावर ठेवत आणि मागं न बघता परतत. त्यांना तरी काय बोल लावायचा, जीव सगळ्यांनाच प्यारा. पूजा सांगत होती, की तापात ते सारखं एकच विचारतात, दारात कोण हाय का, आणि उत्तर आलं नाही की लहान पोरागत रडतात.

रंगुबाईनं तवा उतरवला. त्या प्रश्नाचा अर्थ जगात आता दोनच माणसांना ठाऊक होता.

त्यांचा बा मेंढरं घेऊन मुलुखभर फिरायचा. दिवस मावळला की कुणाच्या तरी रानात वाघर लावायचा, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि आत मेंढरं अन् ही दोन भावंडं. वाघरीचं तोंड तेवढं उघडं राही, तिथं बा घोंगडं टाकून आडवा होई. लांडग्याला आत यायचं तर आधी बाच्या अंगावरून यावं लागलं असतं! कुठं लांडगा ओरडला की आकाराम विचारायचा, बा, दारात हाईस का? बा म्हणायचा, हाय रं, नीज. एवढ्यावर पोर झोपी जायचं.

पुढं बा गेला, नवराही गेला, आणि मिरजेत दवाखान्यात आयाचं काम करणारी रंगुबाई एकटी पडली. दाराला कडी घातली तरी भीतीनं तिचा डोळा लागत नसे. एके दिवशी वॉर्डात एक पाद्री मरणाला टेकलेल्या म्हातारीला सांगत होता, की प्रभू येशू हा मेंढपाळ आहे, मेंढरांसाठी दारात आपला जीव देणारा… रंगुबाई हातातल्या फडक्यासकट जागच्या जागी थबकली. हा तर आपला बाच की! तिची श्रद्धा तिथून उगवली. पण गावाच्या जिभेला हाड नसतं. गावानं म्हटलं, रंगी लालचीला भुलली.

मग ती बिरोबाची जत्रा. आकारामनं भंडाऱ्याचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं आणि तिनं मान बाजूला केली, साऱ्या भावकीसमोर! तो पिवळा हात तसाच अधांतरी राहिला… आणि आकाराम म्हणाला, की आजपासून आपली बहीण मेली, तिनं आपल्या दारात पाऊल ठेवू नये.

दुधाच्या टेम्पोत बसून रंगुबाई माळावर पोचली तेव्हा ऊन कललं होतं. वाघरीतली मेंढरं उपाशीपोटी ओरडत होती. शेडाच्या उंबऱ्याशी तिचा पाय अडला. आतून धापा टाकणारा आवाज आला.

“दारात कोण हाय का?”

“हाय रं. मी हाय.”

श्वासाच्या घरघरीतून तो म्हणाला, “आक्का, आत येऊ नगंस.”

अजूनही? मरणाच्या उंबरठ्यावरही याचा राग निवला नाही? ती पदर तोंडाशी धरून मागे सरली आणि वाघरीपाशी मटकन बसली. एक म्हातारी मेंढी जाळीतून नाक काढून तिचा हात हुंगू लागली. मेंढीच्या डाव्या कानाला चीर होती. शेजारच्या कोकराच्याही कानाला तशीच चीर, पलीकडच्या दोघींच्याही…

ती खूण तिची होती! लग्नात बानं डावा कान चिरून तिला एक मेंढी आंदण दिली होती. मिरजेच्या खोलीत मेंढी बांधणार कुठं, म्हणून ती कळपातच राहिली. मेलेल्या बहिणीच्या मेंढीला भावानं केव्हाच बाजार दाखवला असेल, असं ती धरून चालली होती. आणि इथं त्या मेंढीची पिलावळ, कोवळ्या कोकरापर्यंत, एकेक कान चिरून तिच्या नावानं वेगळी राखली होती. तिला त्यानं कधी मेली म्हणून धरलंच नव्हतं.

रंगुबाई उठली आणि सरळ आत गेली.

“ही बला तुला लागंल गं,” तो कळवळला. “म्हणून नगं म्हनलो.”

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. तो तिच्या हातचं पाणी प्यायला आणि हुंदके देऊ लागला.

“त्या दिशी मी भ्यालो हुतो, आक्का. वाटलं, बिरोबा कोपंल, पोरगं दगावंल… द्येव कोपलाच न्हाई. मीच कोपलो.” मग त्यानं विचारलं, “तुला न्हाई भ्या वाटत?”

“वाटतंय की. लय वाटतंय,” रंगुबाई म्हणाली. “पर वाघरीच्या तोंडाशी माजा प्रभू निजलाय, एवढं ठावं हाय मला. लांडगा येतोयच, लेकरा. पर आदी त्येच्या अंगावनं येतोय.”

“मग माज्यासाठी बी सांग त्येला.”

तिनं हळू आवाजात प्रार्थना केली. तू माझ्या वाटेनं ये असं ती म्हणाली नाही, आणि त्यानंही आपली वाट सोडली नाही.

चार-पाच दिवस ती त्याला पेज पाजत राहिली, आणि दिवस मावळला की बाचं ते जुनं घोंगडं टाकून दारात आडवी होत राहिली. शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता त्यानं क्षीण आवाजात पुन्हा विचारलं. ती म्हणाली, हाय रं, नीज. आणि आकाराम कायमचा निजला. त्याच्या चेहऱ्यावर भयाची एक रेघ नव्हती.

न्यायला माणसं यायच्या आधी तिनं शेडाच्या कोपऱ्यातली भंडाऱ्याची पिशवी उघडली. जो भंडारा तिनं एकदा नाकारला होता, तोच आपल्या बोटानं भावाच्या कपाळावर लावला. तो तिचा नव्हता, पण त्याचा होता. आपल्या प्रभूला हे कळेल, याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती… पण डोळे मात्र ऐकेनात.

तिन्हीसांजेला ती घराशी गेली, ज्या दारात पाऊल ठेवू नकोस म्हटलं होतं त्या दाराशी. खिडकीच्या गजांआड पूजा बाळाला छातीशी धरून उभी होती. ती म्हणाली, आत्या, आत या. रंगुबाई गेली नाही. तिच्या अंगात दुपारपासून कणकण होती. ते न सांगता तिनं पोरीला आतून कडी घालायला लावली आणि बाहेर उंबऱ्याला लागून घोंगडं पसरलं.

“आत्या, हायसा का दारात?”

“हाय गं. नीज.”

मग रंगुबाईनं डोळे मिटले, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तोच प्रश्न तिनं स्वतः विचारला.