दाजींच्या गाडीचे टायर

हे खरं आहे, एवढंच सांगू शकतो.

पुरावा मागाल तर नाही माझ्याकडे. फोटो नाही, व्हिडिओ नाही. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल थाप म्हणावी. वाद घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

रात्र वगैरे नव्हती. रविवारची दुपार होती. माझंच दुकान. शटर अर्धं खाली ओढलेलं, बाहेर भुरभुर पाऊस.

आणि आत मी एकटा.

निदान मला तसं वाटत होतं...

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

माझं टायरचं दुकान आहे. टायर बदलणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चाकांपाशी वाकण्यात गेलं. कंबर कामातून गेली आहे आणि गुडघे त्याच वाटेवर आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलून "हे नीट दिसतंय की ते?" विचारायचे. माणूस तसाच चोखंदळ. आयुष्यात हौस एकच केली. जुनी, बुटकी, दोन दारांची, फिकट हिरवी स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग अंग सोडून द्यायचं. उतरताना तर देवच आठवायचा.

टायर बदलायला यायचे तेव्हा दाजी गाडीतून उतरायचे नाहीत. अशा हलक्या गाडीचं सेटिंग करताना चालवणाऱ्याचं वजन सीटवर असलेलं बरं असतं. ते कुठेतरी वाचलं होतं त्यांनी. मग मी खाली घाम गाळतोय आणि हे वर निवांत बसलेत. मधूनमधून खिडकीतून विचारायचे, "झालं का रे?"

मी "झालं" म्हटल्याशिवाय हँडब्रेक सोडायचे नाहीत.

त्यांचा हँडब्रेक हा एक वेगळाच विषय होता. साधी माणसं दांडा दोन-चार दात वर ओढतात. दाजी अगदी वरपर्यंत ओढायचे. कर्र्र... असा लांबलचक आवाज, आणि अगदी शेवटी एक बारीकसा 'टक्'. मी कितीदा सांगितलं, "दाजी, केबल तुटेल एक दिवस." ते म्हणायचे, "थांबवली म्हणजे थांबली पाहिजे. उगाच अर्धवट काही नको."

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दुकानातून घरी येताना त्यांच्या छातीत कळ आली.

रस्ता गर्दीचा होता. तरी त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावला, हँडब्रेक ओढला. आणि गेले. गाडीला ओरखडा नाही, दुसऱ्या कोणाला खरचटलंही नाही. पोलीस मला म्हणाला, "हँडब्रेक सोडवायला दोन्ही हात लावावे लागले हो."

गाडी ताईच्या गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिली. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच गॅरेज आहे. चाकं एका जागी बसून बसून चपटी झाली, रबर कडक झालं. ताई तिकडे फिरकायची नाही. स्वभावानेही गप्प झाली. संध्याकाळी तर तासभर फोनच उचलत नसे. आम्ही म्हणायचो, असू दे, ती त्यांची घरी यायची वेळ.

मग यंदा भाचीला, ताईच्या मुलीला, नोकरी लागली. तिला आम्ही ढमी म्हणतो. लहानपणी गुबगुबीत होती. आता नुसती काडी आहे, पण नाव काही सुटलं नाही. नोकरी डोंगराळ भागात. वळणावळणाचा रस्ता, बारा महिने ओला.

ढमी म्हणाली, "मामा, मी बाबांची गाडी नेणार."

इंजिनवाल्याने इंजिन करून दिलं. टायर माझ्या गळ्यात आले.

तुम्हाला वाटेल, टायरवाल्याला टायर निवडायला काय लागतं. पण या गाडीचे मूळचे रिम जुन्या मापाचे. त्या मापात आता नुसते साध्या घरगुती गाड्यांचे टायर मिळतात. ते टिकतात खूप, पण वळणावर पकड सोडतात. दुसरा पर्याय शर्यतीचा. मऊ रबर, कोरड्या रस्त्यावर चिकटून चालणार, पण पाण्यात आणि थंडीत कधी दगा देईल सांगता येत नाही. तिसरा पर्याय माझा. मोठे रिम घाल, मग हवे ते टायर मिळतात.

ढमी ऐकायला तयार नव्हती. "रिम बाबांचेच राहणार, मामा. बाकी तुला काय करायचं ते कर."

"अगं, त्या मापात धड काही येत नाही."

"तू शोधलंस तर येईल. तू बाबांना नाही म्हणायचास का कधी?"

मी व्यापाऱ्यांचे नंबर काढले.

ताईचं भलतंच. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिळत नसतील टायर तर राहू दे ना. मिळत नाहीत म्हणून सांग तिला."

"मिळतील गं. थोडा वेळ लागेल."

"गाडी इथेच बरी आहे," ताई म्हणाली. "कुठे पळून जातेय ती?"

मला वाटलं, पोरीच्या काळजीने बोलतेय. नवऱ्याचा जीव ज्या गाडीत गेला, त्या गाडीत मुलगी बसणार. कोणाही आईला वाटेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विषय संपवला.

फोन करकरून शेवटी एका व्यापाऱ्याकडे हवे तसे टायर सापडले. मूळ माप, स्पोर्ट्सचे, आणि पावसात पाणी कापणारी नक्षी. असे चार उरलेत म्हणाला. लगेच पाठव म्हटलं.

ते आले शनिवारी. ढमीला रविवारी संध्याकाळी निघायचं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे माझी सुट्टी गेली. आठवडाभर उभा राहून पायांत गोळे आले होते. रविवारी सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. उठलो. भाचीसाठी उठावंच लागतं.

चारही टायर रिमवर चढवले, बॅलन्स केले, गाडीला लावले. ढमी सामान बांधायला घरी गेली. मला फक्त अलाइनमेंट करायची राहिली होती.

नवीन टायर लावले की गाडी थोडी मागेपुढे ढकलून घेतो मी, म्हणजे चाकं जागेवर बसतात. हँडब्रेक सोडलेला होता. मीच सोडला होता. मागून जोर लावला.

गाडी हलली नाही.

पुन्हा लावला. कंबरेतून कळ गेली, पण गाडी जागची हलेना.

दार उघडून पाहिलं तर हँडब्रेक वर.

मी स्वतःवरच चिडलो. थकल्यावर माणूस काय करतो आणि काय नाही, त्याचं त्यालाच कळत नाही. ब्रेक खाली केला, दार लावलं, मागे गेलो. डिकीवर हात ठेवले.

आणि आतून आवाज आला...

कर्र्र...

मी तसाच उभा राहिलो.

पावसाचा आवाज येत होता. नळ ठिबकत होता. बाकी शांत.

मग...

टक्.

तो शेवटचा दात. तिथपर्यंत मी कधी ओढत नाही. कोणीच ओढत नाही.

मी गाडीच्या बाजूने पुढे गेलो. काचेतून आत पाहिलं. सीट रिकामी. हँडब्रेक पार वर, जवळजवळ उभा.

तेव्हा मनाने एक कारण शोधलं. मन शोधतंच. म्हटलं, इतकी वर्षं गाडी पडून होती, यंत्रणा बिघडली असेल, स्प्रिंग अडकली असेल. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाकं काढून बघू. भुताखेताचा विचार करण्यापेक्षा जॅक लावणं सोपं होतं.

जॅक लावला. मागची दोन्ही चाकं काढून जमिनीवर आडवी ठेवली, आतली बाजू वर करून. ब्रेक तपासला. केबल, स्प्रिंग, सगळं ठणठणीत.

कपाळाचा घाम पुसायला बाजूला पाहिलं आणि नजर टायरवर गेली.

टायर कधी बनला ते त्याच्या अंगावर कोरलेलं असतं. पण बहुतेक वेळा एकाच बाजूला. टायर बसवताना ती बाजू आत गेली की बाहेरून काही कळत नाही. पुढचे दोन बसवताना मी पाहिलं होतं, नवेकोरे होते. मागचे बसवताना पाहिलं नाही. चारही एकाच ठिकाणचे, एकसारखे, मग पुन्हा काय पाहायचं?

मागचे दोन जुने होते.

जुने म्हणजे किती? दाजींनी माझ्याकडून शेवटचे टायर बसवून घेतले, त्याच्याही आधीचे. कुठल्यातरी गोदामात पडून होते, पुसून चकाचक करून पाठवलेले. नख रोवून पाहिलं. नख रुतेना. कड दाबली तर खाचांत केसासारख्या चिरा दिसल्या.

मागचे टायर असे असले की ओल्या वळणावर गाडी मागून फिरते. आणि अशी हलकी गाडी फिरली तर सावरायला वेळ मिळत नाही. ढमी आणखी थोड्या वेळाने त्याच रस्त्याला लागणार होती.

मी तिथेच फरशीवर बसलो. दोन्ही टायर जवळ ओढून पुन्हा तारीख वाचली.

ढमीला मी एवढंच सांगितलं की टायर सदोष निघालेत, आज गाडी मिळणार नाही. ती रुसली, बसने गेली. व्यापाऱ्याला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरे दोन टायर आले. या वेळी आत-बाहेर, वर-खाली सगळं पाहून घेतलं.

सुट्टी काढून ढमी गाडी न्यायला आली. भर दुपार होती. ती बाहेर फोनवर बोलत उभी होती. मी अलाइनमेंट संपवली, शेवटचा नट आवळला. सवयीने तोंडातून शब्द गेला, नेहमीसारखाच, खिडकीकडे बघत...

"झालं दाजी."

क्षणभर काही नाही.

मग आतून... धप्.

हँडब्रेक खाली पडल्याचा आवाज.

गाडी अगदी थोडी, बोटभर पुढे सरकली आणि थांबली.

बाहेरून ढमीने विचारलं, "मामा, कोणाशी बोलतोयस?"

"कोणाशी नाही. घेऊन जा गाडी. सावकाश चालव."

ती गेली. रात्री तिचा फोन आला, नीट पोचले म्हणून. गाडी वळणांवर काय सुंदर चालते ते सांगत होती. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हटलं, बाप होता, पोरीवर लक्ष ठेवून होता. संपलं.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायलाही बसलो नसतो.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात बसली होती, गॅरेजच्या भिंतीला पाठ टेकून. दिवा लावलेला नव्हता. टीव्ही बंद. ओट्यावर चहाचे दोन कप. दोन्ही रिकामे, कोरडे.

"अशी अंधारात काय बसलीस?"

"ऐकतेय," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. आता काहीच येत नाही ऐकू."

मी स्टूल ओढून बसलो. तिने एक कप हातात घेतला. मग म्हणाली, "रोज यायचा रे आवाज. ते दुकानातून यायचे त्या वेळेला. गाडीचा नाही, नुसता हँडब्रेकचा. शेवटपर्यंत ओढलेला. मग मी चहा टाकायचे."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"मला सांगायचं ना, ताई."

"काय सांगायचं? वेड लागलं म्हणाला असतास." तिने कप उपडे करून ठेवले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "म्हटलं होतं तुला, गाडी राहू दे म्हणून."

मी मान खाली घातली. त्या दिवशीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ना ढमीला, ना ताईला.

ताई म्हणाली, "तू 'झालं' म्हणालास ना त्यांना?"

मी नुसती मान हलवली.

"हं," ती म्हणाली. "मग निघायचेच ते."

जाताना दारापर्यंत सोडायला आली. चपला घालत होतो तेव्हा हळूच म्हणाली, "ढमीला विचारशील का? तिच्याकडे येतो का आवाज संध्याकाळी?"

हो म्हटलं मी. तेव्हापासून रोज फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. दुकानात काम संपलं की गिऱ्हाइकाच्या हातात मुकाट्याने किल्ली देतो. तो शब्द तोंडातून निघत नाही.

ढमी हो म्हणाली तर दाजी घर सोडून लेकीबरोबर गेले, हे ताईला कुठल्या तोंडाने सांगू?

आणि ती नाही म्हणाली तर...

दाजी गेले कुठे?