संत्र्याच्या चवीचं एरंडेल

"एरंडेल आहे?"

मी वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक उंच, सडपातळ मुलगा उभा होता. केस विस्कटलेले, शर्टाच्या खिशात पेन्सिलींची गर्दी, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"आहे. छोटी बाटली की मोठी?"

"मोठी. म्हणजे... मोठ्या चार."

घाटकोपरला अण्णांच्या मेडिकलमध्ये मी काउंटरवर नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं. एरंडेल कोण नेतं ते मला पाठ होतं. म्हातारे नेतात, नातवंडांच्या आज्या नेतात, आणि छोटी बाटली नेली की महिनाभर तोंड दाखवत नाहीत. आणि हा चांगला धडधाकट मुलगा चार मोठ्या बाटल्या मागत होता! मला त्याची अगदी कीव आली.

अण्णा मागच्या कपाटात डोकं खुपसून बसले होते. मी पुढे वाकले आणि हळूच म्हटलं, "एकदम एवढं घेऊ नका हो. सवय लागते. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी प्या. आणि पपई खा. पिकलेली."

त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मिटलं. कान लालबुंद झाले.

"पपई," एवढंच म्हणाला आणि बाटल्या छातीशी धरून निघून गेला.

पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

"खाल्ली पपई?"

"खाल्ली."

"फरक?"

"...थोडा." आणि मग खाली बघत, "चार द्या. मोठ्या."

आता माणूस एवढं कडू, चिकट तेल दर आठवड्याला घशाखाली ढकलणार, याची कल्पनाच मला करवेना. आमच्याकडे लहान मुलांसाठी संत्र्याच्या चवीचं एरंडेल यायचं. साखर घातलेलं, गोडसर. मी साध्या बाटल्या परत फळीवर ठेवल्या, संत्र्याच्या काढल्या आणि गुपचूप वर्तमानपत्रात गुंडाळल्या. त्याला सांगितलं नाही. पुरुषाची जात, लहान मुलांचं औषध म्हटल्यावर उगीच वाईट वाटायचं.

सुतळी बांधताना गाठ सैल पडत होती. त्यानं न सांगता गाठीवर बोट ठेवलं. मी गाठ मारली. त्याचं बोट जरासं अडकलं, मग सुटलं. एवढंच झालं. पण मी त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना चुकीची खोकल्याची औषधं देता देता राहिले.

तेव्हापासून दर शनिवारी तो यायचा, मी संत्र्याच्या बाटल्या बांधायची आणि तो गाठीवर बोट ठेवायचा. त्याचं नाव चंद्रप्रकाश, साकीनाक्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, हे मी त्याच्याकडून काढून घेतलं. माझं नाव रत्नप्रभा, हे त्यानं अण्णांच्या हाकांवरून ऐकलं. शुक्रवारपासूनच मला उद्या कुठली साडी नेसू असं व्हायला लागलं. आणि मग मी स्वतःवरच चिडायची. अगं बाई, बद्धकोष्ठाच्या पेशंटसाठी कोणी साडी निवडतं का? माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेच मला कळेना.

मग एका शनिवारी तो बोटाला फडकं गुंडाळून आला.

"काय झालं?"

"पंख्यानं मारलं."

"एवढा मोठा माणूस पंख्यात बोट घालतो?"

"घातलं नाही. फिरवला बोटानं. विमानाचा पंखा आहे तो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो गडबडला आणि मग भडाभडा बोलतच सुटला. तो छोटी विमानं बनवतो. खेळण्यातली नव्हेत, खरीखुरी उडणारी. हातात रेडिओचा डबा धरून खालून चालवायची. त्याला मुठीएवढं इंजिन असतं, आणि त्या इंजिनाला पेट्रोल चालत नाही, स्पिरिट लागतं आणि स्पिरिटमध्ये वंगण म्हणून...

"एरंडेल," मी म्हटलं.

"एरंडेल."

"म्हणजे तुम्ही ते... पीत नाही?"

"नाही हो!"

"मग पपई?"

"पपई खातो. रोज. तुम्ही सांगितलीत म्हणून."

मला हसू आवरेना. अण्णांनी मागून "रत्ना!" म्हणून दटावलं, तरी आवरेना. "अहो, मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही इतक्या काळजीनं सांगत होता..." तो काउंटरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाला, "वाटलं, खरं सांगितलं तर थांबाल."

आता डोळ्यांचं सांगते. ते फार सरळ होते. त्यांत बघून खोटं बोलणं अवघड जायचं. म्हणून मी खाली बघितलं आणि विचारलं, "आणि उडतं का विमान?"

"कसलं उडतंय! स्वस्तातलं इंजिन ना ते. जमिनीवर झकास चालतं. वर गेलं की मूड येईल तेव्हा बंद. काही भरवसाच नाही."

माझं हसू जागच्या जागी विरलं. साखर. महिनोन्महिने मी त्या बिचाऱ्या इंजिनाला संत्र्याचा गोडवा पाजत होते, आणि हा दोष देत होता स्वस्ताईला. सांगावं? सांगितलं तर म्हणेल, कसली बावळट मुलगी आहे. आणि तेल दुसरीकडून घेईल. मी मुकाट्यानं त्याच्या बोटाला पट्टी दिली. त्या दिवशी बाटल्या मात्र साध्या बांधल्या.

घरी वेगळंच शिजत होतं. मुलुंडचं स्थळ आलं होतं. मुलगा विम्याच्या कचेरीत कायम, स्वतःची खोली, सुपारीचंही व्यसन नाही. बघून गेले, पसंती कळवली. रविवारी संध्याकाळी आमचा होकार न्यायला येणार होते.

"झील भरवशाचो आसा गो," आई तिच्या मालवणीत म्हणाली. "आणखी काय होया तुका?"

काय हवं होतं, ते मलाच कुठे ठाऊक होतं? मुलुंडच्या मुलात खोट काढायला जागा नव्हती. आणि इकडे एक मुलगा, जो माझ्याकडे येतो की एरंडेलाकडे, हेच मला सांगता आलं नसतं. होकार द्यायचा तर गाठीवरचं ते बोट आठवायचं. नकार द्यायचा तर कशाच्या जिवावर? एका बोटाच्या?

शनिवारी तो आला, पण काउंटरपाशी नुसताच उभा राहिला.

"चार ना?" मी विचारलं.

"नको. आज... काहीच नको." त्यानं मान खाजवली. "माझा मामा बोटीवर आहे. त्यानं जपानी इंजिन आणलंय. बोट लावलं की सुरू होतं म्हणे. त्याचं तेलही डब्यातून तयार येतं. एरंडेल लागतच नाही."

"अरे वा," मी म्हटलं. हातात घेतलेली सुतळी परत गुंडाळून ठेवली. "म्हणजे आता भरवशाचं."

"हो. भरवशाचं." तो वळला, दोन पावलं गेला, परत आला. "उद्या सकाळी गोरेगावला मैदानावर उडवतोय. याल?"

हा निरोप होता की बोलावणं? रात्रभर मी त्या एका शब्दाला उलटंपालटं केलं. सकाळी आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. केसांत अबोली माळली, काढली, परत माळली. ठरवलं एकच, साखरेचं खरं सांगून टाकायचं. निरोपच असेल तर स्वच्छ मनानं तरी.

मैदानावर वाळलेलं गवत होतं आणि दहाबारा हौशी मंडळी. चंद्रप्रकाश गुडघ्यांवर बसून विमानाशी झटत होता. शेपूट धरून बसलेला त्याचा दोस्त नंदू माझ्याकडे बघून खुसखुसला.

विमान पिवळंधमक होतं. पण नाकावरचं इंजिन तेलानं काळवंडलेलं, जुनंच.

"नवीन कुठाय?" मी विचारलं.

"खोक्यात," नंदू म्हणाला. "सीलसुद्धा तोडलं नाय यानं. म्हणतो, जुनंच लावणार. डोकं फिरलंय याचं!"

"नंद्या, गप रे!"

मी आणखीच गोंधळले. पण ठरवलेलं बोलून टाकायलाच हवं होतं. "ऐका ना... तुमचं इंजिन वाईट नाहीये. मी तुम्हाला संत्र्याचं तेल देत होते. मुलांचं. साखरेचं. तुम्हाला प्यायला कडू लागेल म्हणून. त्यानंच ते बंद पडत असेल."

तो पंखा फिरवायचा थांबला. "माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच वेळी कळलं. अख्ख्या मैदानावर संत्र्याची बर्फी जळल्यासारखा वास सुटला होता. सगळं खोलून धुवावं लागलं. तेव्हापासून तेल दुसरीकडून आणतो. इंजिन बंद पडतं ते त्याच्या स्वभावानं."

"मग माझ्या बाटल्या?"

"घरी आहेत. पलंगाखाली."

"सगळ्या? मग दर शनिवारी कशाला..."

त्यानं पंख्याला झटका दिला. नेमकं तेव्हाच इंजिन पेटलं. असा कर्कश आवाज की माझं वाक्य मलाच ऐकू येईना. नंदूनं विमान सोडलं. ते गवतावरून धावलं, उचललं गेलं आणि वर वळलं. चंद्रप्रकाश डबा हातात धरून वर बघत होता आणि ओठ हलवत होता.

"काय?" मी ओरडले.

तो काहीतरी ओरडला. विमान आमच्या डोक्यावरून किंचाळत गेलं.

"ऐकू येत नाहीये!"

त्यानं छातीभर श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडला. विमान वळून पुन्हा आमच्यावर आलं, आणि नेमकं तेव्हाच स्वस्तातल्या इंजिनाला मूड आला.

ते बंद पडलं.

"...तुझ्यासाठी यायचो मी! नवीन इंजिन लावलं तर काय सांगून येऊ तुझ्याकडे?"

सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं. नंदूनं कपाळाला हात लावला. आणि त्यानं मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, हे माझ्या आधी बहुतेक सगळ्यांच्या लक्षात आलं असावं.

"पडेल ते!" मी वर बोट दाखवलं.

"नाही पडत," तो म्हणाला. कान लाल, पण हात अगदी स्थिर. "इतक्यांदा बंद पडलंय, मला आता उतरवता येतं. तू फक्त... जरा बोलू नकोस."

मी बोलले नाही. पिवळं विमान आवाज न करता खाली खाली आलं, एकदा डुललं, सावरलं आणि गवतावरून घसरत माझ्या चपलांपासून हातभर अंतरावर थांबलं. मी खाली बसले. इंजिन गरम होतं आणि त्याला साध्या एरंडेलाचा वास येत होता. गेले कित्येक दिवस जे कळत नव्हतं, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. मला हा मुलगा आवडत होता. फार आवडत होता.

तो येऊन समोर बसला. डबा अजून हातातच. "रागावलात?"

"परत 'तुम्ही' कशाला?"

तो हसला. मग मी त्याला मुलुंडचं सांगितलं. संध्याकाळचंही. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"तो... भरवशाचा आहे?" त्यानं विचारलं.

"खूप. बोट लावलं की सुरू होईल असा."

तो गवताची काडी मोडत राहिला.

"म्हणून तू असं कर," मी म्हटलं, "ते येण्याआधी आमच्याकडे ये. आईला सांगायला मला एकटीला धीर होत नाहीये. आणि हात हलवत येऊ नकोस."

"काय आणू?"

मी अबोलीचा सुटलेला गजरा नीट करत उठले.

"पिकलेली पपई."