वाळूखालचा हवालदार

आयोडीन नसलेलं मीठ, अर्धा किलो.

चाळलेली वाळू, वीतभर खोल.

आईचा चष्मा फ्रीजवर. नेहमी फ्रीजवरच.

एक माणूस जीव तोडून धावतो आणि दोन मार्कांनी राहतो.

हवालदार सतरा दिवस दिसलेला नाही.

हवालदार म्हणजे खेकडा. शंखात राहणारा, लिंबाएवढा. थांबा, नीट सांगते… म्हणजे, प्रयत्न करते.

परभणीच्या स्टँडवर वालूरची गाडी भरत होती. शेजारच्या माणसाच्या मांडीवर लोणच्याची बरणी, बरणीत काठोकाठ पाणी, तळाशी शंख. शंखातून दोन पाय निघाले आणि काचेवर धडपडू लागले.

"अहो, बुडवायलात का त्याला?"

"खेकडा हाय, मॅडम. पाण्यात नाही तर काय खाटेवर ठिवू?"

"जमिनीवरचा आहे तो! ओता ते पाणी. आधी ओता!"

त्याने खिडकीतून ओतलं. थेट कंडक्टरच्या चपलेवर. कंडक्टर बरंच काही बोलला. हा नुसता हसत राहिला, आणि मी त्याच्या हसण्याकडे — जाऊ दे.

नाव प्रीतम. गाव वालूर. पोलीस भरतीची तयारी. खेकडा मावसभावाने वेंगुर्ल्याहून आणलेला. मी सुकेशनी, कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला. पेडगावला मी उतरले तेव्हा बरणी माझ्या हातात होती.

"तुमीच सांभाळा. मी इचारत जाईन."

"खेकड्याचं?"

"आधी खेकड्याचं…"

मग रोज संध्याकाळी, स्टँडवर, मैदानावरच्या धुळीने माखलेले बूट घालून — "आमचा हवालदार काय म्हणतोय?" नाव त्यानेच ठेवलं. "घरात एक तरी पोलीस पायजे." चौथ्या आठवड्यात 'तुमी'चं 'तू' झालं. कुणी आधी केलं, यावर अजून भांडण आहे.

एके सकाळी काचेची पेटी रिकामी. वाळूत फक्त एक खळगा.

"मेला?" प्रीतमचा आवाज फोनवर एवढासा झाला.

"कात टाकायला गेलाय. त्याचं अंग वाढतं, वरचं कवच वाढत नाही. मग ओल्या वाळूत खोल शिरतो, अंधारात जुनं कवच सोडतो, तेच खातो, आणि नवं टणक होईपर्यंत वर येत नाही. महिना लागतो, कधी दोन. मध्ये उकरलं तर मरतो."

"लय अवघड नोकरी हाय."

मी पेटीवर चिठ्ठी लावली — उकरू नये.

नवव्या दिवशी भरतीचा निकाल लागला. दोन मार्क. तिसरी वेळ. त्यानंतर प्रीतमचा फोन बंद.

सतराव्या दिवशी घरी आले तर पेटीत हिरवे कोंब! वाळूवर ओळीने.

"आई, हे काय?"

"मेथी. एवढी चांगली ओली वाळू रिकामीच पडली व्हती."

"चिठ्ठी लावली होती ना!"

"चष्मा न्हवता. आन् उकरलं कुठं? वरच्यावर टाकली." मग माझ्याकडे न बघता, "पाथरीचे पाव्हणे येयलेत आइतवारी. त्या वालूरच्या पोराचं काय असंल ते त्याच्या आत सांग."

काय सांगू? मुळं ओढली तर वाळू हलेल, म्हणून मेथीसुद्धा उपटता येईना. रात्री काचेला कान लावायचे. काही ऐकू यायचं नाही… तरी लावायचे.

शनिवारी वालूरला गेले. दारात त्याची आई सरजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मागच्या खोलीत हाय. कुणाशी बोलंना. उठवू का, बाई?"

दार अर्धवट उघडं होतं. चार पावलं.

"नको," मी म्हटलं. "मेथी उगवलीय, एवढं सांगा."

रविवारी पोहे मी केले, नकारही मीच दिला.

सत्तेचाळिसाव्या दिवशी मेथीची एक काडी हलली. मग दुसरी. वाळू फुगली आणि हवालदार वर आला — गुलाबीसर, ओला, आधीपेक्षा मोठा. जाता जाता एक पान खाऊनही बघितलं. मी फोटो पाठवला. बराच वेळ एकच टिक. दुपारी दुसरी टिक आली.

संध्याकाळी स्टँडवर प्रीतम उभा. दाढी वाढलेली. पायात चप्पल.

"तू घरी येऊन गेलीस," तो म्हणाला. "मी जागा होतो. तुझा आवाज आला."

"मग बाहेर का नाही आलास?"

"तू हाक मारशील म्हणलं."

"उकरायचं नसतं, प्रीतम."

"मी खेकडा हाय का, सुकेशनी?"

गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मला एका प्राण्याबद्दल बरंच कळतं. दुसऱ्याबद्दल…

"प्रीतम!" मी ओरडले. भर स्टँडवर. चारपाच जण वळून बघायला लागले.

"अगं, समोर तर हाय. आता कशाला हाक?"

"त्या दिवशीची राहिली होती."

तो हसला. तेच हसू. मग मान खाली घालून म्हणाला, "आईला सांग, पोरगं नापास हाय. आन् आइतवारी यायलंय."

वालूरच्या फाट्यावर त्या शनिवारी, तो मागून येईल म्हणून, मी परतीच्या तीन गाड्या सोडल्या होत्या.