कागदावरची जोडी

या दादा, बसा. दार लोटून घ्या. दिवा तुमच्याच बाजूला राहू द्या, माझ्या डोळ्यांना हल्ली सोसत नाही. मी असा दाराकडे पाठ करून बसलोय, त्याचा राग मानू नका. तुमची बहीण खाली गाडीतच आहे ना? बसू द्या तिला. तिला वर आणायचं की नाही, ते माझं ऐकून झाल्यावर ठरवा.

हसताय? हसा. आमचं लग्न ठरतानाच तुम्ही विचारलं होतंत, "मुलगा चष्मे विकतो की थापा?" दोन्ही विकलं, दादा. एका म्हाताऱ्याला मी असा चष्मा करून दिला की त्याला उद्याचं वर्तमानपत्र आज वाचता यायचं, ही माझीच थाप. बिचारा पैसे परत मागायला आला, म्हणाला, उद्याही तेच छापलंय. पण आजची गोष्ट त्या पठडीतली नाही. असती तर बरं झालं असतं.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. आमचा साडू, म्हणजे तुमचा धाकटा मेहुणा, वनखात्यातला. त्यांच्याकडे घुबडांची गणना होती. त्याचा जोडीदार तापाने आडवा पडला, म्हणून साडू दुकानात आला. "चल रे, नुसती बॅटरी धरायची आहे. तोंड मात्र बंद ठेव, तेवढं जमलं तर."

काम म्हणाल तर पोरखेळ. रानात ठरलेले थांबे. सूर्य बुडाला की प्रत्येक थांब्यावर उभं राहायचं, आवाज वाजवायच्या डब्यातून वनघुबडाच्या नराची हाक वाजवायची, मग गप्प राहून ऐकायचं. कोणी नाही बोललं तर कागदावर रेघ. एकट्या नराने उत्तर दिलं तर 'एकटा'. नराच्या हाकेला मादीने साद घातली, तर 'जोडी'.

तिसऱ्या थांब्यावर एक जुनं झाड होतं, पोटात ढोली असलेलं. डबा वाजला आणि उत्तर आलं. दादा, तो आवाज ऐकला नसेल तुम्ही. लांबलचक, थरथरता, कुणी तरी हसता हसता रडायला लागावं तसा. आणि मग शांतता. पानांचा ओला वास, आणि ती शांतता.

साडूने लिहिलं, 'एकटा'. हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी जोडी होती. मादी गाडीखाली आली. मीच उचलली. हा त्याच ढोलीपाशी बसून असतो."

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला नकला येतात. तुमच्या आईंचा फोनवरचा आवाज काढून मी तुम्हालाही एकदा बाजारात पिटाळलंय. येताना वाटेत साडूने मादीचा आवाज डब्यावर ऐकवला होता, चिरका, आखूड, गंजलेल्या बिजागरीसारखा. मी म्हटलं, "जरा आडोशाला जाऊन येतो." झाडामागे गेलो, आणि साद घातली.

नर थांबला. मग पुन्हा हाक आली, जवळून. मी पुन्हा साद दिली.

साडू हरखला. बॅटरीच्या उजेडात 'एकटा' खोडून त्याने लिहिलं, 'जोडी'. मी झाडामागे तोंडात मूठ कोंबून हसत होतो. वर बघितलं, आणि हसू जिरलं. माझ्या डोक्यावर चार हातांवर तो बसला होता. पंखांचा आवाज नाही, फांदी हलली नाही. त्याने साडूकडे पाहिलंच नाही. पाठ माझ्याकडे, आणि मान सबंध मागे वळवून माझ्याकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी घरी खिडकीच्या कठड्यावर उंदीर. डोकं नसलेला. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी सरडा. तुमची बहीण म्हणाली, "अहो, लग्नाला एकवीस वर्षं झाली, न सांगता कधी भाजीची जुडी आणली नाहीत. हा कोण आहे तो तरी बरा." मीही हसलो. मग साडूला सांगितलं, आणि मी काय केलं होतं तेही सांगितलं.

तो हसला नाही. "मूर्खा, मादी ढोलीत बसली की महिनाभर बाहेर पडत नाही. नर तिला आणून भरवतो. आणि ढोलीच्या जवळ जो येईल, त्याच्या तोंडावर झेपावतो. डोळ्यांवर."

"मग खोडून टाक ना ते."

"कागद वर गेला."

तरी बिचारा ऑफिसात जाऊन आला. साहेब म्हणाले, जोडी कागदावर आली म्हणजे आली, पुढची गणना तीन वर्षांनी. बघा दादा. माणसांची जुळलेली मोडते, ही मोडत नाही.

त्याच संध्याकाळी तुमची बहीण वाळलेले कपडे काढायला खिडकीत वाकली. मी इथेच होतो. काही ऐकू आलं नाही. नुसता वारा हलला, आणि ती कपाळ धरून खाली बसली. भुवईपासून कानशिलापर्यंत चिरलं होतं. आठ टाके. डॉक्टर म्हणाले, चष्मा होता म्हणून डोळा राहिला.

ते तुम्हाला कळलंच. दुसऱ्या वेळचं तिने सांगितलं नाही, हो ना? मला वाटलंच. मी सांगतो.

खिडकी मी खिळे ठोकून बंद केली होती. दार आतून लावलेलं. खोलीत आम्ही दोघंच. ती मला जेवायला उठवत होती, कारण मी तीन दिवस घरचं काही खाल्लं नव्हतं. म्हणाली, "अहो, असं ताटाकडे बघत काय बसता? दिसत नाही का?"

खरंच दिसत नव्हतं, दादा. घुबडाला जवळचं दिसत नाही, हे चष्मेवाल्याला सांगावं लागत नाही. समोरचं ताट धुकट, तिचा चेहरा धुकट. आणि पलीकडच्या इमारतीवरच्या पाटीचं बारीक अक्षर मात्र काचेतून खणखणीत वाचता येत होतं.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात वीज गेली.

ती ओरडली... एकदाच.

दिवे आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चष्मा जमिनीवर पडला होता. तिने बॅग भरली आणि तुमच्याकडे आली. मी चष्मा उचलून भिंगाखाली धरला. ती काच मीच घासून बसवलेली, तिचा कण न् कण मी ओळखतो. उजव्या काचेचा कोपरा उडाला होता. आणि ओरखडा होता, तीन नखांचा, खोल.

आतल्या बाजूला, दादा. काच आणि डोळा यांच्या मधे.

उडालेला तुकडा मी केर काढून काढून शोधला. मिळाला नाही.

नाही, उठू नका. थोडंच राहिलंय.

साडू सांगतो, घुबड शिकार सबंध गिळतं. मांस जिरतं, उरलेली हाडं आणि केस यांची गुठळी होते, ती ते दुसऱ्या दिवशी ओकून टाकतं. ढोलीखाली अशा गुठळ्यांचा सडा असतो. तुमच्या पुढ्यात कागदावर ठेवलंय ना, करड्या केसांचं, अंगठ्याएवढं... तीच ती. मी चिमट्याने उकलली. उंदराचा जबडा आहे, बघा. बरगड्या टाचणीसारख्या. आणि तो चमकतोय तो काचेचा कोपरा. तिच्या चष्म्याचा. उजवीकडचा.

ही मला माझ्या उशीवर मिळाली. महिना झाला, खिडकीचे खिळे निघालेले नाहीत. तपासून या हवं तर.

तुम्हाला वाटतंय, मेहुणा नेहमीप्रमाणे रंगवून सांगतोय, बायकोला परत न घेण्याची ही नवी सबब. दादा, मला ती हवी आहे. रात्रभर तिचं नाव घेतो. पण ती जवळ आली की मानेवरचे केस उभे राहतात, आणि घशात जो आवाज येतो, तो... जाऊ द्या.

श्श. गाडीचं दार उघडलं. तुम्हाला नाही ऐकू आलं? मला तिच्या चपला ऐकू येतात. खालच्या पायरीवर थांबली. कपाळावरचा व्रण चाचपतेय. आता चढतेय.

दादा, लवकर. बाहेर जा आणि कडी बाहेरून लावा. तिला जिन्यातच गाठा. तिने विचारलं तर सांगा, तो लबाड आहे, पुन्हा थापाच मारत बसला होता. इतकी वर्षं सांगत आलात, अजून एकदा सांगा. तिचा विश्वास बसेल.

जा ना. असे दाराशी का थबकलात? कडीवरचा हात का काढलात?

हो, बघतोय मी तुमच्याकडे.

नाही, दादा. खुर्ची अजून तशीच आहे. पाठ दाराकडेच आहे.